कॅमेऱ्याला दोष देण्याआधी: फिल्म आणि डिजिटल फोटोग्राफीत या चुका टाळा

सोमवती अमावास्येला भाचा जेजुरीला गेला होता. परत आला तो थेट लॅपटॉप उघडूनच बसला. "मामा, लेन्स गेली. सगळ्या फोटोंत आकाशात डाग. नवीन घ्यावी लागणार."

फोटो छान होते. कऱ्हेच्या स्नानाला निघालेली पालखी, पिवळ्याजर्द पायऱ्या, एका म्हाताऱ्याच्या भुवयांतसुद्धा अडकलेला भंडारा. आणि आकाशात, डाव्या कोपऱ्याजवळ, दोन करडे ठिपके. मी विचारलं, "डाग प्रत्येक फोटोत त्याच जागी आहेत का?" होते. "एफ/२.८ ला काढलेल्यांतही?" त्याने शोधलं. त्यात दिसत नव्हते.

"मग लेन्सला काही झालेलं नाही. भंडारा उधळत होते तेव्हा लेन्स बदललीस ना?"

गप्प बसला.

फोटो बिघडतो तेव्हा तो कुठे बिघडला हे बहुतेक वेळा फोटोतच लिहिलेलं असतं. ते वाचायच्या आधी आपण दुकान गाठतो. मला हे वाचन न्हाणीघरात शिकायला मिळालं, पण आधी भाच्याचे डाग संपवतो.

लेन्सच्या पुढच्या काचेवरची धूळ फोटोत ठिपका म्हणून सहसा दिसतच नाही. सेन्सरवरची, म्हणजे फोटो टिपणाऱ्या चकतीवरची दिसते, आणि ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं भोक) जितकं लहान तितकी ठळक. एफ नंतरचा आकडा मोठा तितकं भोक लहान. म्हणून एफ/१६ ला कोऱ्या आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढायचा. लेन्स बदलून पुन्हा काढायचा. ठिपका जागचा हलला नाही तर तो सेन्सरवर आहे. सेन्सरवर चित्र उलटं पडतं, त्यामुळे फोटोत वर दिसणारा डाग समोरून पाहताना खालच्या बाजूला शोधायचा. कॅमेरा तोंड खाली करून धरायचा आणि रबरी ब्लोअरने हवा मारायची. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे कण उडतात. शर्टाचं टोक तर अजिबात नको. भंडारा म्हणजे हळद. ब्लोअरने निघाली तर ठीक, नाहीतर पुसायच्या नादात पिवळा लेप बसतो. अशा वेळी सर्व्हिस सेंटरला द्यावा हे बरं. जत्रेला, वारीला, होळीला जाताना एकच लेन्स लावून निघायचं आणि घरी येईपर्यंत ती काढायची नाही.

लाल दिवा आणि माझा पहिला रोल

वडिलांकडे अग्फा क्लिक-३ होता. १२० च्या रोलवर बारा चौकोनी फोटो, बास. कॉलेजात गेल्यावर मी कोणाचा तरी जुना ३५ एमएमचा कॅमेरा मिळवला आणि घरीच रोल धुवायचं ठरवलं. डार्करूममध्ये लाल दिवा असतो हे सिनेमात पाहिलेलं. झिरोचा लाल बल्ब लावला, न्हाणीघराच्या दाराच्या फटीत आईची जुनी साडी कोंबली आणि त्या उजेडात निवांतपणे रोल धुण्याच्या टँकमधल्या रिळावर चढवला. छत्तीसच्या छत्तीस फोटो काळेकुट्ट.

लाल दिवा चालतो तो कृष्णधवल कागदाला, कारण तो लाल रंगाला आंधळा असतो. नेहमीची कृष्णधवल फिल्म लाल रंगही पाहते. तिला पूर्ण अंधार लागतो. अंधारात पाच मिनिटं बसा. डोळे सरावल्यावर स्वतःचा हात दिसायला लागला तर ती खोली फिल्मला चालणार नाही. रिळावर फिल्म चढवायचा सराव वाया गेलेल्या रोलवर करा, आधी उजेडात, मग डोळे मिटून. जोर लावलात तर फिल्म दुमडते आणि तिथे नखाच्या आकाराची चंद्रकोर उमटते.

निगेटिव्ह वाचायची कशी

हा भाग नीट वाचा. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं: जिथे जास्त उजेड पडला तिथे काळं. निगेटिव्हच्या कडेला कंपनीचं नाव आणि फ्रेमचे आकडे असतात. ते कारखान्यातच प्रकाशाने छापलेले असतात, म्हणजे तुमच्या कॅमेऱ्याशी त्यांचा काही संबंध नाही. पण ते उमटतात तुमच्याच डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनात. त्यामुळे ते पंचासारखे असतात.

कडेचे आकडे गडद, चित्र मात्र फिकट: डेव्हलपर ठीक आहे, कॅमेऱ्यात उजेड कमी पडला. आकडेही फिकट आणि चित्रही फिकट: धुण्यात गडबड आहे, म्हणजे वेळ कमी, पाणी गार किंवा डेव्हलपर जुना. आकडे खणखणीत आणि बाकी फिल्म कोरी काच: फिल्मवर प्रकाशच पडलेला नाही, बहुतेक रोल कॅमेऱ्यात पुढे सरकलाच नाही. आकडेही नाहीत, काहीच नाही: डेव्हलपर मेलेला होता किंवा तुम्ही आधी फिक्सर (उमटलेलं चित्र पक्कं करणारं रसायन) ओतला. कडेसकट सगळं काळं: उजेड लागला. माझा लाल बल्ब या शेवटच्या प्रकारातला.

डेव्हलपर जिवंत आहे की नाही हे रोल टाकून कशाला तपासायचं? रोलच्या सुरुवातीची जी जीभ बाहेर असते तिचा तुकडा कापा आणि भर उजेडात डेव्हलपरच्या दोन थेंबांत बुडवा. मिनिट-दोन मिनिटांत काळा पडायला हवा. दुसरा कोरा तुकडा फिक्सरमध्ये टाका आणि घड्याळ लावा. तो पारदर्शक व्हायला जितका वेळ लागेल त्याच्या दुप्पट वेळ रोल फिक्स करायचा. धुतलेली फिल्म दुधाळ दिसत असेल तर घाबरू नका, फिक्सिंग अर्धवट राहिलंय. ताज्या फिक्सरमध्ये पुन्हा टाका, निघून जाईल.

आता तापमान. डेव्हलपरच्या तक्त्यांत वेळ दिलेली असते ती बहुधा २० अंश सेल्सियसची. आपल्याकडे एप्रिलात गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं. त्या पाण्यात २० अंशांची वेळ वापरली की निगेटिव्ह फार गडद, आकाश ठार काळं. बर्फ बादलीत टाकायचा आणि बाटल्या त्या बादलीत ठेवायच्या. डेव्हलपरमध्ये बर्फ टाकणारे महाभाग मी पाहिले आहेत, त्याने तो पातळ होतो. २० अंश गाठता येत नसेल तर २४ वर काम करा आणि वेळ कमी करा: २० ला दहा मिनिटं लागत असतील तर २४ ला साधारण सात. पाच मिनिटांच्या खाली मात्र जाऊ नका, डाग-पट्टे येतात. आणि फक्त डेव्हलपर गार करून पुढचं धुणं नळाच्या गरम पाण्यात केलंत तर जेलॅटिनला बारीक सुरकुत्या पडतात. त्या जात नाहीत. सगळ्या पाण्यांचं तापमान जवळपास सारखं हवं.

बोअरिंगच्या पाण्याने वाळलेल्या फिल्मवर पांढरे थेंब राहतात. शेवटची विसळणी डिस्टिल्ड वॉटरमध्ये करा. पेट्रोल पंपावर बॅटरीसाठी मिळतं तेही चालतं. मग कपड्यांच्या चिमट्याला टांगा आणि बोटांनी निपटायचा मोह आवरा. सगळ्यांच्या अंघोळी उरकल्यानंतरचं न्हाणीघर फिल्म वाळवायला उत्तम, वाफेने धूळ खाली बसलेली असते. आमच्या घरी त्यामुळे रविवारी दुपारपर्यंत कुणालाही कपडे धुता येत नसत. त्या काळात आई मला काय काय बोलायची ते इथे लिहीत नाही.

लाल उजेडातली प्रिंट, रात्रीचा स्क्रीन

उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा इंदू कागद तेव्हा परवडायचा. तरी एक पान वाया गेलं की जीव हळहळायचा. म्हणून ट्रेमध्ये प्रिंट जरा काळी दिसायला लागली की मी घाईने बाहेर काढायचो. बाहेर उजेडात पाहावं तर मळकट, राखाडी, जीव नसलेली. लाल दिव्यात प्रिंट आहे त्यापेक्षा गडद दिसते. कागदाला डेव्हलपरमध्ये पूर्ण दीड-दोन मिनिटं द्यायलाच हवीत. काळी होत असेल तर एनलार्जरचा (निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राचा) प्रकाश कमी करायचा, डेव्हलपिंग नाही. कागदाची एक पट्टी कापून तिच्यावर पाच-पाच सेकंदांचे टप्पे पाडून पाहिले की पानं वाचतात.

डिजिटलवर हीच फसवणूक उलट्या दिशेने होते. रात्री अंधारात कॅमेऱ्याचा स्क्रीन इतका उजळ भासतो की फोटो मस्त आलाय असं वाटतं. घरी येऊन पाहिला की काळाकुट्ट. दुपारच्या उन्हात याच्या बरोबर विरुद्ध. स्क्रीनवर विश्वास ठेवू नका, हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-काळोखाचा आलेख पाहा. आलेख डाव्या भिंतीला चिकटला असेल तर सावल्या गेल्या, उजव्या भिंतीला धडकला असेल तर पांढरं उडालं, म्हणजे त्यातला तपशील गेला.

इथेच फिल्मवाले डिजिटलवर आले की चुकतात. निगेटिव्ह फिल्म थोडा जास्त उजेड आनंदाने पचवते, कमी उजेड मात्र माफ करत नाही. सावलीत जे नोंदलंच गेलं नाही ते प्रिंटमध्ये कुठून येणार? त्यामुळे शंका आली की एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट उजेड द्यायचा, ही आमची सवय. डिजिटलवर तीच सवय आकाश पांढरंफटक करते, आणि उडालेलं पांढरं रॉ (कॅमेऱ्याने न बदलता साठवलेल्या) फाइलमधूनही परत येत नाही. सावलीतलं बरंच येतं. तेव्हा निगेटिव्हवर सावली सांभाळा, डिजिटलवर उजेड सांभाळा.

मीटरबद्दलही दोन शब्द. कॅमेऱ्याच्या मीटरला समोर काय आहे ते कळत नाही, तो सगळं मध्यम राखाडी समजून चालतो. वारीत पांढऱ्या सदऱ्या-टोप्यांनी फ्रेम भरली की तो उजेड कमी करतो आणि माउलींचे कपडे न धुतल्यासारखे दिसतात. तिथे एक स्टॉप वाढवा. रायगडाच्या काळ्या कातळाने फ्रेम भरली तर कातळ करडा होतो. तिथे एक स्टॉप कमी करा. पांढऱ्याला वाढवायचं आणि काळ्याला कमी करायचं हे सुरुवातीला उलटं वाटतं.

हलला, की फोकस चुकला?

"फोटो शार्प येत नाही" या तक्रारीत तीन वेगळे आजार असतात. फोटो मोठा करून पाहा. सगळंच एका दिशेने फरफटलेलं असेल तर तुमचा हात हलला. ५० एमएमच्या लेन्सने १/६० आणि २०० एमएमच्या लेन्सने १/२०० सेकंदापेक्षा मंद शटरला हातात धरून काढू नका. लहान सेन्सरचा कॅमेरा असेल तर त्याहून वेगवान शटर हवं. भिंत स्पष्ट आणि लेझीम खेळणारी पोरं पुसट असतील तर हात ठीक आहे, शटर त्यांच्यासाठी मंद आहे. कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन इथे काही करू शकत नाही, ते तुमचा हात सावरतं, पोरांचे पाय नाही. आणि नाकाऐवजी मागचं तोरण स्पष्ट असेल तर फोकस चुकला. फोकसचा बिंदू कॅमेऱ्याला निवडू देऊ नका, डोळ्यावर स्वतः ठेवा.

गणपतीच्या मांडवात फोटोवर आडवे काळे-पिवळे पट्टे आले म्हणून सेन्सर गेला असं समजून हवालदिल झालेले लोक भेटतात. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर फोटो ओळीओळीने वाचतं, त्यात ही उघडझाप पकडली जाते. मेकॅनिकल शटर लावा, वेग १/५० किंवा १/१०० ठेवा. काही स्वस्त एलईडी माळांना हेही पुरत नाही, त्यांच्यापुढे हात टेकावेत.

पावसाळा

लेन्सचा आमच्याकडचा खरा शत्रू बुरशी. मुंबई-कोकणात चामड्याच्या केसमध्ये कपाटात ठेवलेली लेन्स पावसाळा संपता संपता बघा. मागून टॉर्च मारला की आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतील. उजेडासमोर फोटो धुरकट यायला लागले की हेच तपासायचं. जास्त दिवस राहिली तर बुरशी काचेवरचं कोटिंग खाते, मग साफ करूनही खूण राहते. चामड्याची केस फेकून द्या असं नाही म्हणत, पण लेन्स त्यात ठेवू नका. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल आणि पाच-पन्नास रुपयांचा नाही तर जरा बरा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत असावा. निळी जेल गुलाबी झाली की मंद आचेवर गरम करून पुन्हा निळी करता येते, पण स्वयंपाकाच्या कढईत नको, त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं. भिजलेला कॅमेरा तांदळात पुरण्याचा उपाय सोडून द्या. तांदळाचं पीठ आत जातं, एवढंच होतं.

एसी गाडीतून उतरून थेट धबधब्यासमोर कॅमेरा काढला की काचेवर वाफ धरते. अर्धा तास बॅगेतच राहू द्या.

कार्ड आणि विमानतळ

मुंजीचे फोटो चुकून पुसले गेले तर पहिलं काम: त्या कार्डावर एकही नवीन फोटो काढू नका. पुसल्यावर बहुधा फक्त यादी जाते, मजकूर जागेवरच असतो, तो नव्या फोटोखाली गाडला गेला की संपलं. कार्ड काढून ठेवा, संगणकावर रिकव्हरीचा प्रोग्राम चालवा आणि सापडलेले फोटो दुसऱ्याच डिस्कवर उतरवा. माझी १९८९ ची निगेटिव्ह आजही एनलार्जरखाली उभी राहतात. २००७ ची हार्ड डिस्क मात्र टकटक आवाज करत गेली, बहिणीच्या मंगळागौरीसकट. तेव्हापासून सगळ्याच्या तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या घरी.

फिल्म घेऊन परदेशी जाणाऱ्यांनी ती चेक-इन बॅगेत कधीही टाकू नये. हातातल्या सामानासाठीही आता काही विमानतळांवर सीटी स्कॅनर (एक्स-रेची यंत्रं) आलेत, त्यांतून गेलेली फिल्म धुरकटते. रोल पारदर्शक पिशवीत काढून हाताने तपासायची विनंती करायची.

भाच्याचे डाग ब्लोअरच्या दोन फुंकांत गेले. लेन्स काही घेतली नाही, पण महिन्याभराने माझा जुना कॅमेरा घेऊन गेला आणि त्याचा पहिला रोल आम्ही न्हाणीघरात धुतला. टँकमधून काढला तर छत्तीसही जागा कोऱ्या. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्याने फिल्म खिडकीकडे धरली.

"मामा, आकडे दिसतायत. म्हणजे रोल सरकलाच नाही."

रोल भरल्यावर लिव्हर ओढताना डावीकडची रिवाइंडची मूठ फिरते का ते पाहायचं असतं, हे त्याला सांगायचं राहूनच गेलं होतं.