झिप मारायच्या आधी: बिलांच्या एक्सएमएल-जेसनमधलं तेच ते कसं कमी करायचं

सोलापुरात टॉवेल-चादरवाल्यांचं कंप्युटरचं काम जे बघतात त्यांना मार्च आला की हा प्रश्न येतोच. टॅलीतून काढलेला एक्सएमएल, ई-इनव्हॉइसचे जेसन (दोन्ही फील्डच्या नावांसकट डेटा लिहायचे मजकुरी फॉरमॅट), सगळं मिळून बॅकअप इतकं फुगतं की मालक म्हणतो झिप करून टाका की ओ. झिपने फरक पडतो, नाही असं नाही, पण आत टाकायच्या आधी मांडणी बदलली तर तेच सॉफ्टवेअर अजून बरंच दाबतं, म्हणून नवीन सॉफ्टवेअर शोधत बसण्यापेक्षा आधी मांडणीकडे बघा.

झिप आणि जीझिप दोन्हीच्या पोटात साधारणपणे डिफ्लेट नावाची दाबायची पद्धत असते. मागे येऊन गेलेला मजकूर परत दिसला की तो परत लिहायचा नाही, "इतकं मागे जा आणि इतकी अक्षरं उचल" एवढंच लिहायचं, ही झिव आणि लेम्पेल यांची १९७७ ची युक्ती, आणि वरून हफमनचं १९५२ चं कोडिंग, म्हणजे वारंवार येणाऱ्या चिन्हाला छोटा कोड. जकार्ड मागावर मोर चादरभर दिसतो पण पंचकार्डाचा संच एकाच मोरापुरता असतो ना, तसंच. फक्त गोम अशी आहे की डिफ्लेट मागे बघून बघून ३२ केबीच बघतं, त्यापलीकडे काय होतं ते विसरलं. म्हणजे तोच पार्टीचा पत्ता १०० केबी आधी आला असेल तरी तो त्याला नवीनच वाटणार.

दुसरी गोष्ट जास्त लोकांना माहीत नसते. झिपमध्ये प्रत्येक फाईल वेगळी दाबली जाते. हजार बिलांचे हजार छोटे जेसन असतील तर तेच टॅग, तेच फील्ड, तीच कंपनीची माहिती हजार वेळा नव्याने शिकायची. त्यामुळे सगळ्यात स्वस्त उपाय हाच, आधी टार करून (म्हणजे न दाबता सगळ्या फायली एकामागे एक जोडून) एक फाईल करा आणि मग दाबा, किंवा सेव्हन-झिपचा सेव्हन-झेड फॉरमॅट सॉलिड मोडमध्ये वापरा, त्यात फायली एकत्र दाबल्या जातात. सोबत मागे बघायची खिडकी मोठी असलेला प्रोग्राम घ्या. एक्सझेड साध्या सेटिंगला ८ एमबी मागे बघतं, झेडस्टँडर्डला लाँग मोड लावला की १२८ एमबी. आणि टारमध्ये फायली टाकताना पार्टीनुसार लावा, नुसत्या तारखेने लावल्या तर एकाच पार्टीची दोन बिलं लांब लांब पडतात.

आता खरा माल. एक्सएमएलमध्ये व्हाउचरमागून व्हाउचर येतं, आणि प्रत्येकात तारीख, पार्टी, लेजर, रक्कम, परत तारीख, परत पार्टी. वेगवेगळ्या जातीचा डेटा एकमेकांत कालवलेला. हे उभं करा, म्हणजे सगळ्या तारखा एका ठिकाणी, सगळ्या रकमा एका ठिकाणी, सगळे एचएसएन कोड (जीएसटीतला मालाच्या प्रकाराचा नंबर) एका ठिकाणी, आणि टॅगचा सांगाडा वेगळा. एचएसएनच्या रांगेत मग ६३०२६० (टेरी टॉवेल) ओळीने येत राहतो आणि ती रांग जवळजवळ फुकटात जाते. बिल नंबरच्या रांगेत आकडा न ठेवता आधीच्या नंबरातला फरक ठेवा, एक, एक, एक, मध्येच कॅन्सल बिल असेल तर दोन. लीफके आणि सुच्यू यांनी २००० साली एक्समिल नावाचा प्रोग्राम याच कल्पनेवर केला होता, आणि जवळपास तेवढ्याच वेगात साध्या जीझिपच्या साधारण निम्म्यावर फाईल येते असं दाखवलं होतं. आज पार्केट फॉरमॅटमध्येही डेटा असाच उभा ठेवतात. पायथॉन येत असेल तर हे एका संध्याकाळचं काम आहे, पण परत आडवं करणारा प्रोग्राम त्याच दिवशी लिहून ठेवा.

बरेच जण भलतीकडेच मेहनत घेतात. फील्डची नावं छोटी करायची, मोकळ्या जागा आणि नव्या ओळी काढायच्या, याने मूळ फाईल लहान दिसते खरी पण दाबल्यानंतर फरक फार थोडा उरतो, कारण सारखं सारखं येणारं नाव दाबणारा आधीच गिळून बसलेला असतो. वर सहा महिन्यांनी "क१" म्हणजे काय होतं ते कुणालाच कळत नाही. मी तरी नावं बदलत नाही. मराठी मजकुराचं तेच, यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची नेहमीची पद्धत) देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, पण पायथॉन जेसन लिहिताना स्वतःहून त्याचा उलट्या तिरक्या रेघेचा कोड करतो तेव्हा ६ लागतात. ते सेटिंग बंद करा, फाईल नोटपॅडमध्ये वाचता येते हाच मोठा फायदा.

ई-इनव्हॉइसवाल्यांनी इथे नीट बघा. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना बी-टू-बी बिलासाठी हे लागतं, म्हणजे अक्कलकोट रोड एमआयडीसीतले बरेच कारखाने आले. पोर्टलवरून जे उत्तर येतं त्यात सही केलेलं इनव्हॉइस असतं, आणि त्याच्या मधल्या भागात अख्खं बिल परत एकदा बेस-६४ मध्ये (कुठलेही बाइट साध्या इंग्रजी अक्षर-आकड्यांत लिहायची पद्धत) बसलेलं असतं. बेस-६४ मध्ये ३ बाइटचे ४ होतात, आणि तोच शब्द एखाद्या बाइटने पुढे सरकला की पूर्ण वेगळा दिसतो, त्यामुळे दाबणाऱ्याला कळतच नाही की हे आधीचंच आहे. म्हणून तो मधला भाग उलगडून साध्या बिलाच्या शेजारी ठेवा आणि मग दाबा, परत बेस-६४ केलं की अक्षर न् अक्षर तेच येतं. पण त्यात फील्डचा क्रम किंवा स्पेस काही बदलू नका, एक बाइट हलला की सही जुळणार नाही. सहीचे बाइट आणि ६४ अक्षरी आयआरएन (ई-इनव्हॉइसचा नंबर) यांच्यावर डोकं घालू नका. आयआरएन म्हणजे हॅश (माहितीवरून गणिताने काढलेला ठसा), तो फार तर ३२ बाइटवर येतो, नुसतं दाबून त्याखाली नाही.

काही पुनरुक्ती दाबणाऱ्यावर सोडण्यापेक्षा आपणच काढलेली बरी. जीएसटी नंबरात पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राला २७, पुढची दहा अक्षरं पॅन, त्यामुळे पॅनचं वेगळं फील्ड जास्तीचंच. सीजीएसटी आणि एसजीएसटी एकच रक्कम. एकूण रक्कम मात्र गणिताने येते म्हणून काढून टाकू नका, राउंड ऑफ कुणी कसं केलंय ते बिलाबिलाला बदलतं. आणि पार्टीचा पत्ता वेगळ्या तक्त्यात काढून बिलात नुसता नंबर ठेवणार असाल तर पत्ता बदलला की नवीन नंबर द्या, जुना पुसू नका.

एकेक बिल सुटं उघडावं लागत असेल तर टार उपयोगाचं नाही. तिथे झेडस्टँडर्डची डिक्शनरी (नेहमी येणाऱ्या मजकुराची वेगळी फाईल) बनवा, तुमच्याच बिलांचे नमुने देऊन, साध्या सेटिंगला साधारण ११० केबीची होते. ती डिक्शनरी हरवली तर सगळी बिलं गेली, म्हणून तिच्या कॉप्या वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा.

एक्सेल आणि वर्डच्या नव्या फायली आतून झिपच असतात, त्या परत झिप करून काही मिळत नाही. पासवर्ड लावायचा तर दाबल्यानंतर, आधी लावला की आतला मजकूर विस्कटतो आणि दाबायला काही उरत नाही. आणि मूळ फायली डिलीट करायच्या आधी दुसऱ्या फोल्डरमध्ये सगळं उलगडून प्रत्येक फाईलचा शा-२५६ हॅश मूळ फाईलच्या हॅशशी जुळवा, एक जरी फाईल वेगळी आली तरी मूळ पेनड्राइव्ह कपाटातच राहू द्या.