शेंडे कापायच्या रविवारची तयारी

केसांना फाटे फुटलेत हे कळतं कधी, तर बसमध्ये खिडकीशी बसून वेणीचा शेंडा उगाच बोटांत धरून बघताना. एका केसाचे दोन झालेले, कुठे तीन, एखादा तर पार झाडूच्या काडीसारखा, आणि मग हात शिवशिवतात आणि तो फाटा आपण दोन नखांत पकडून टर्रकन चिरतो. मजा येते, खोटं कशाला बोलू. पण तयारीत पहिलं काय असेल तर हे चिरणं बंद करणं, कारण शेंड्याला अर्धा सेंटीमीटर असलेला फाटा आपण ओढून तीन-चार सेंटीमीटर वर नेतो आणि मग तेवढी लांबी जास्तीची कापावी लागते.

दुसरी तयारी डोक्यातली. फाटलेला केस परत जुळत नाही. केस म्हणजे मेलेलं केराटिन नावाचं प्रोटीन, जिवंत भाग फक्त त्वचेच्या आत मुळाशी, त्यामुळे जखम भरून येते तसं इथे काही भरून येत नाही. केसावर बाहेरून कौलांसारखे एकावर एक खवले असतात, ते झिजले की आतले तंतू उघडे पडून उसवतात, सुंभाच्या टोकासारखे. बाटलीवर 'स्प्लिट एंड्स रिपेअर' असं लिहिलेलं जे असतं ते बहुतेक करून सिलिकॉन वगैरेने तो फाटा तात्पुरता चिकटवतं, दोन-तीन धुण्यांत परत जैसे थे. वाईट नाही ते, लग्नाच्या फोटोंपुरतं वापरा हवं तर. पण उपाय एकच, कात्री.

आणि शेंड्याचं वय बघा की. केस महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटीमीटर वाढतो, म्हणजे वर्षाला बारा ते पंधरा, म्हणजे कमरेपर्यंत केस असतील तर टोकाचा भाग पाच-सहा वर्षांचा. माझ्या वेणीचं टोक माझ्या लग्नाच्या आधीचं आहे, एवढी वर्षं एखादी सुती साडी रोज घासून धुतली असती तर काय झालं असतं!

कापायच्या आदल्या आठवड्यात एक काम करा, विंचरताना निघालेली गुंतवळ फेकू नका. (आमची आजी गुंतवळ साठवून ठेवायची, केसांवर फुगे आणि भांडी देणारी बाई यायची ना दारावर, तिच्यासाठी.) उजेडात पांढऱ्या कागदावर पसरा. केसाच्या एका टोकाला बारीक पांढरा कंद दिसला तर तो मुळापासून गळालेला, रोज पन्नास ते शंभर गळतातच. पण कंद नसलेले आखूड तुकडे जास्त असले तर केस मधूनच तुटतायत. तसंच लांब केसावर मध्येच कोंड्यासारखा पांढरा ठिपका दिसतोय आणि झटकून जात नाहीये, तर तिथे केस चिरडलाय आणि तिथूनच तुटणार. माझ्यात हे ठिपके सगळे एकाच उंचीवर होते, रबर लावायचे तिथे!! मग कळलं.

आता सामान. कात्री केस कापायचीच हवी, छोटी, धारदार, आणि त्याच एका कामाला. किचनमधली, कागदाची, दुधाच्या पिशव्या कापायची कात्री अजिबात नको, बोथट धारेने केस कापला जात नाही, चेंगरला जातो, आणि तिथूनच पुढचा फाटा. बाकी चार-पाच मोठे चाप, मोठ्या दातांचा कंगवा, खांद्यावर टाकायला केसांच्या उलट रंगाचं कापड म्हणजे काळ्या केसांना पांढरा पंचा, खाली पेपर, आणि पंखा बंद, हे मी पहिल्यांदा विसरले होते आणि दोन दिवस घरभर बारीक केस मिळत होते, आमटीत सुद्धा. वेळ सकाळी दहा-अकराची, खिडकीत, ट्यूबलाईटमध्ये फाटे दिसत नाहीत. मागचे शेंडे बघायला कोणीतरी धीराचं माणूस लागतं, आई, जाऊबाई, नवरा ज्याच्यावर विश्वास असेल तो.

शनिवारी केस धुऊन घ्यायचे आणि रविवारी कोरडे असतानाच कापायचे, निदान कुरळ्या आणि वेव्ही केसांनी तरी. ओला केस ताणला जातो, वाळला की आक्रसून वर जातो. मी एकदा पार्लरमध्ये ओल्या केसांवर 'एकच इंच' सांगितलं होतं, घरी येऊन वाळले तर चार इंच गायब, तेव्हापासून हे घरचं चालू झालं. तेल लावलेले शेंडे पण नकोत, फाटे एकमेकांना चिकटून लपतात.

कापताना बोटाएवढी बट घ्या, हलका पीळ द्या, फाटलेले केस पिळातून बाहेर डोकावतात, तेवढेच कापायचे, आणि फाट्याच्या अर्धा ते एक सेंटीमीटर वर, कारण डोळ्याला दिसतं त्याच्या वरपर्यंत चीर गेलेली असते. कात्री आडवी धरा, तिरकी नको. पूर्ण डोक्याला दीड-दोन तास जातात, एका दिवसात नाही झालं तर पुढच्या रविवारी. फाटे खूपच असतील, बटेत निम्मे, तर हा खेळ सोडा आणि सरळ दोन इंच उडवा, वेचत बसण्यात अर्थ नाही.

पौर्णिमेला कापले की भराभर वाढतात म्हणतात, शनिवारी कापू नयेत म्हणतात, शेंड्याला वार कळत नाही. शेंडा कापल्याने मुळाचा वेग पण वाढत नाही, फक्त वरून वाढलेलं खालून तुटणं थांबतं.

आता कापून झाल्यावर परत फाटू नयेत याची तयारी, आणि खरं काम हेच. न्हायच्या आदल्या रात्री, नाहीतर निदान तासभर आधी, शेंड्यांना खोबरेल तेल. डोक्याला थापायची गरज नाही, शेंड्यांना. यावर मुंबईतल्या संशोधकांचा २००३ सालचा अभ्यास आहे, त्यात खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल यांची तुलना केली, तर केसातलं प्रोटीन धुताना कमी वाहून जाण्यात फक्त खोबरेलने फरक पडला, त्यातलं लॉरिक ॲसिड बारीक रेणूचं असल्याने केसाच्या आत शिरतं. संशोधक खोबरेल तेल विकणाऱ्या कंपनीतलेच होते हेही लक्षात ठेवा, पण आज्यांचं म्हणणं तेच निघालं.

शाम्पू फक्त टाळूला, शेंड्यांना जो फेस ओघळून येतो तेवढा पुरतो. कंडिशनर बरोबर उलटा, कानाच्या खाली. झिजलेल्या केसावर विजेचा ऋण भार जास्त असतो आणि कंडिशनरमधले रेणू धन भाराचे, म्हणून ते नेमके खराब जागी जाऊन चिकटतात, हे मला फार आवडलेलं आहे. शिकेकाई वापरत असाल तर उकळून, वस्त्रगाळ करून घ्या, भुकटीचे खरखरीत कण केसांत चोळणं म्हणजे शेंड्यांना पॉलिश पेपर. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल (पिण्याच्या पाण्यात २०० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत जडपणा, म्हणजे विरघळलेले क्षार, ठीक मानतात, बोअरला त्याच्या दुप्पट सहज सापडतो) तर शेवटचा एक तांब्या तरी नळाच्या किंवा फिल्टरच्या पाण्याचा.

टर्किश टॉवेलने खसाखसा पुसणं बंद, जुना पंचा किंवा टी-शर्ट घ्या, गुंडाळा, दाबा, सोडा. ओला केस सगळ्यात नाजूक, गुंता शेंड्यापासून सुरू करून वर जायचं, वरून खाली ओढत आणायचं नाही. कुरळेवाल्यांनी कंडिशनर लावलेला असतानाच गुंता काढावा, कोरडे विंचरूच नये. स्ट्रेटनर शक्यतो नकोच, लावायचाच तर कोरड्या केसांवर आणि १८० डिग्रीच्या आत, ओल्या केसावर लावला की आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात अक्षरशः बुडबुडे होतात आणि तो चर्र आवाज येतो ना, तो तोच.

झोपताना सैल वेणी, जमल्यास सॅटिनची उशी. स्कूटरवर केस वेणी घालून आत, स्कार्फ आणि हेल्मेटखाली, आणि बॅगेचा पट्टा केसांवरून नाही, आपल्यातल्या निम्म्या जणींचे शेंडे पर्सच्या पट्ट्याने गेलेत. रबरबँड कचऱ्यात. अंडं, कांद्याचा रस, लिंबू हे शेंड्यांना लावू नका, अंड्यातलं प्रोटीन एवढं मोठं की केसात शिरत नाही, लिंबू उलट कोरडं करतं, आणि कांद्याचा वास तीन दिवस.

राहिलं कॅलेंडर. भिंतीवरच्या कालनिर्णयात आजपासून बाराव्या आठवड्याच्या रविवारवर पेनने एक कात्री काढून ठेवा. तोवर तीन सेंटीमीटर वाढलेले असतील, एक कापला तरी दोन आपले. आमच्या घरात ती कात्री दुधाच्या हिशेबाच्या शेजारी असते आणि सासूबाई दर वेळी विचारतात, हे काय, कोणाचं ऑपरेशन आहे का.