नोकरी करत जीएनएम कसं पूर्ण करावं: नाइटचं गणित आधी मांडा

‘नाइट शांत असते. पेशंट झोपले की पुस्तक उघडायचं.’ हा सल्ला मला तिघांनी दिला होता. तिघांपैकी एकानेही आयुष्यात कधी नाइट केली नव्हती. पंधरा खाटांच्या नर्सिंग होममध्ये रात्री दोनला कळा सुरू झालेली बाई येते, तीनला सात नंबरच्या आजोबांचं सलाईन संपतं आणि चारला त्यांचाच मुलगा विचारायला येतो, ‘सिस्टर, चहा कुठं मिळेल?’ माझं शरीरशास्त्राचं पुस्तक सहा महिने एकाच पानावर उघडं होतं.

मी नोकरी करत दोनदा शिकले. आधी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, आणि नंतर पोस्ट बेसिक, म्हणजे त्यापुढची नर्सिंगची पदवी. आता वॉर्डात विद्यार्थिनी पोस्टिंगला येतात. त्यांतली कोण रात्रभर जागून आली आहे, हे तिने बेडशीट ओढायच्या आधीच कळतं. खाली लिहिलंय ते त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठीही.

१. कॉलेज

बारावीची मार्कलिस्ट, दाखले, मेडिकल फिटनेस हे सगळं जमवलंच असेल. कॉलेज बघायला जाल तेव्हा ऑफिसात दोन गोष्टी विचारा. हॉस्टेल सक्तीचं आहे का? आणि क्लिनिकल, म्हणजे वॉर्डातलं प्रत्यक्ष शिक्षण, कुठल्या दवाखान्यात, कॉलेजपासून किती लांब? हॉस्टेल सक्तीचं असेल तर बाहेरची नाइट तिथेच बारगळली. वॉर्डन गेट उघडणार नाही आणि तिने उघडूही नये.

‘हजेरीचं टेन्शन घेऊ नका, आम्ही बघून घेतो,’ असं कुणी म्हणालं तर पाणी न पिता उठून या. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमानुसार परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते आणि डिप्लोमा हातात पडायच्या आधी क्लिनिकल १०० टक्के पूर्ण करावं लागतं. ‘बघून घेतलेली’ हजेरी पुढे कुणाच्या गळ्यात येते, ते सांगायला नको. घरबसल्या किंवा पत्राद्वारे जीएनएम असा प्रकारच अस्तित्वात नाही. सहा महिन्यांचा ‘नर्सिंग कोर्स’ करून अटेंडंटचं काम मिळेल, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मिळणार नाही.

पैशांची अडचण फारच मोठी असेल तर आणखी एक वाट आहे. माझी रूममेट त्याच वाटेने गेली. तिने आधी दोन वर्षांचं एएनएम, म्हणजे जीएनएमच्या खालचा नर्सिंगचा कोर्स, केलं, नोंदणी करून घेतली, दोन वर्षं पगार घेतला आणि मग जीएनएमला प्रवेश घेतला. नोंदणी झालेल्या एएनएमला तो मिळतो. वर्षं जास्त गेली, पण शिकताना तिला माझ्यापेक्षा बराच जास्त पगार होता आणि कामही हक्काचं होतं. मला अठराव्या वर्षी हे कुणी सांगितलं नाही.

२. शिष्यवृत्ती

नोकरी शोधायच्या आधी महाडीबीटीचा, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलचा, फॉर्म भरा आणि बँक खात्याला आधार जोडलंय ना, ते बँकेत जाऊन विचारा.

३. कुठली नोकरी

जीएनएम करताना तुम्ही नर्स नसता, हे आधी मनात पक्कं करा. नोकरी अटेंडंटची. अंग पुसणं, कूस बदलणं, भरवणं, भांडं देणं, बेड करणं, पेशंटजवळ बसणं. हे काम कमी दर्जाचं वाटतं त्या मुलींनी या क्षेत्रात येऊ नये. बेडसोर, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमा, होऊ न देणं मला कुठल्या लेक्चरपेक्षा एका लकव्याच्या आजींनी जास्त शिकवलं.

छोट्या दवाखान्यांत मात्र पंधरा दिवसांतच कुणीतरी म्हणतं, ‘शिकतेयस ना? मग दे की इंजेक्शन.’ देऊ नका. कॉलेजच्या पोस्टिंगला ट्यूटर शेजारी उभी असते, तेव्हा ते शिक्षण असतं. रात्री तीनला एकटीने, नोंदणी नसताना, फोनवरच्या तोंडी ऑर्डरवर दिलं आणि पेशंटला रिॲक्शन आली, तर ती ऑर्डर कुणी दिली होती हे सकाळी कुणालाच आठवत नाही. मी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं, ‘सर, मला येत नाही.’ येत होतं. तरी तेच सांगितलं. एका ठिकाणची नोकरी त्यावरून गेली आणि आठ दिवसांत दुसरी मिळाली. अटेंडंटची टंचाई कायमची आहे, तेव्हा घाबरायचं कारण नाही.

ओरिजनल सर्टिफिकेट कुठेही ठेवायला देऊ नका. झेरॉक्स द्या.

४. नाइट आणि सकाळचं क्लिनिकल

नोकरी आणि शिक्षण कुठे तुटत असेल तर इथेच. लोक वेळापत्रक करताना कामाचे तास मोजतात. मीही तेच केलं. रात्री आठ ते सकाळी सात नर्सिंग होम, आठ ते दोन क्लिनिकल, साडेतीन ते साडेसहा झोप. आठवड्याला सहा नाइट. कागदावर सगळं बसत होतं. पहिला महिना उत्साहात गेला. दुसऱ्या महिन्यात मी बसमध्ये उभ्याने झोपायला शिकले आणि त्याचं मला कौतुकच वाटायचं.

तिसऱ्या महिन्यात मेडिकल वॉर्डला पोस्टिंग होतं. सकाळचं टीपीआर, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास मोजून लिहिणं, माझ्याकडे. सात नंबरचा १०२ ताप मी आठ नंबरच्या चार्टवर लिहिला आणि सात नंबरला ९८.६. दोघेही पेशंट शांत पडलेले. इन्चार्ज सिस्टर राउंडच्या आधी सवयीने प्रत्येकाच्या कपाळावरून हात फिरवायच्या. सात नंबरपाशी हात थांबला, चार्ट बघितला आणि मला हाक मारली. ओरडल्या नाहीत. ‘काल झोपलीस किती?’ एवढंच विचारलं. मी ‘तीन तास’ म्हणाले, तर म्हणाल्या, ‘काल नाही, या महिन्यात.’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो हात थांबला नसता, तर आठ नंबरला नको ते औषध गेलं असतं आणि सात नंबर तसाच तापाने फणफणत राहिला असता.

त्या आठवड्यात मी सहा नाइट सोडल्या. त्यानंतर जे वेळापत्रक केलं ते पुढची सगळी वर्षं टिकलं, पोस्ट बेसिकलाही. आता तेच सगळ्यांना सांगते: आठवड्यात नाइट एकच, शनिवारची. बाकी चार दिवस संध्याकाळी पाच ते नऊ घरगुती पेशंट.

शनिवारीच का, तर रविवारी सकाळी वॉर्डात उभं राहायचं नसतं. नाइट संपल्यावर क्लिनिकल सुरू व्हायला किती तास आहेत, एवढं एकच बघायचं. ते आठ तासांपेक्षा कमी असतील तर ती नाइट घ्यायची नाही, दुप्पट पैसे दिले तरी नाही. रविवारची नाइट तर कधीच नाही. सोमवारी सकाळी वॉर्ड सगळ्यात गजबजलेला असतो आणि ट्यूटरही ताजीतवानी. सण आला की नर्सिंग होमवाले नाइटसाठी मागे लागतात. दुसऱ्या दिवशी कॉलेजला सुट्टी असेल तर ती जरूर घ्या. दिवाळीच्या एका आठवड्यात मी महिनाभराचं भाडं काढलं आहे.

‘थिअरी ब्लॉकमध्ये नाइट करायला काय हरकत आहे, वर्गात डुलकी काढता येते,’ असंही सांगतात. थिअरी ब्लॉक म्हणजे वॉर्ड नसून नुसते वर्ग असतात तो काळ. हा सल्ला पहिल्यापेक्षा वाईट. थिअरी वर्गात बसून ऐकली नाही तर ती रात्री घरी वाचावी लागते, आणि तुमच्याकडे रात्र उरलेलीच नसते. थिअरी ब्लॉकमध्ये फार तर आठवड्याच्या मध्ये एक नाइट वाढवा, तीही गरज असेल तर.

पैसे कमी पडतात, हे खरं आहे. माझी कमाई जवळजवळ निम्मी झाली. खोली दोघींची तिघींना केली, घरी पाठवायची रक्कम वर्षभर थांबवली. आईला ते सांगणं टीपीआरच्या चुकीपेक्षा अवघड गेलं. पण दुसऱ्या वर्षी नापास होऊन एक वर्ष वाढलं असतं, तर त्या वर्षाची फी आणि बुडालेला पगार धरून तोटा कितीतरी मोठा होता. मी हे वहीच्या मागच्या पानावर आकडे मांडून दाखवलं तेव्हा ती गप्प झाली.

आता त्या एका नाइटबद्दल.

नोकरी धरतानाच सुटायची वेळ आणि रिलिव्हरचं, म्हणजे सकाळी तुमच्या जागी येणाऱ्या बाईचं, नाव ठरवून घ्या. सकाळी सातला सुटका असं तोंडी सांगतात आणि मावशी पावणेआठला येतात, भांडी घासून, मुलांना शाळेत सोडून. चूक त्यांचीही नसते. पण ओव्हर दिल्याशिवाय, म्हणजे पुढच्या बाईला पेशंटची माहिती सांगून सोपवल्याशिवाय, पेशंट सोडून निघता येत नाही. आठवड्याच्या मध्ये नाइट असेल तर त्या पाऊण तासात तुमची हजेरी जाते. माझ्या पहिल्या वर्षी असे नऊ उशीर झाले आणि त्यांची भरपाई उन्हाळ्याच्या सुट्टीत वॉर्डात करावी लागली.

शनिवारी दुपारी नाइटच्या आधी तीन तास झोपाच. शेवटचा चहा रात्री दोनला. चहातल्या कॅफिनचा अर्धा अंमल जायलाच साधारण पाच तास लागतात. साडेचारला कपभर प्यायलात तर नऊला गादीवर नुसत्या तळमळाल. पहाटे चारच्या आसपास अंगाचं तापमान सगळ्यात खाली जातं. थंडी वाजते, डोळे जड होतात आणि लिहिण्यातल्या चुका याच तासात होतात. स्वेटर जवळ ठेवा, आणि या वेळी काहीही लिहिलं की बेड नंबर बोट ठेवून पुन्हा वाचा. शेजारी कुणी जागं असेल आणि परवानगी असेल तर वीस मिनिटं डोळे मिटा. अर्ध्या तासाच्या वर गेलात की उठल्यावर डोकं सुन्न राहतं. स्कूटीवरून घरी जाऊ नका. सिटी बस, शेअर रिक्षा, काहीही चालेल. मी एकदा सिग्नलला थांबले आणि मागच्या टेम्पोच्या हॉर्नने जागी झाले. सिग्नल किती वेळा हिरवा होऊन गेला होता, माहीत नाही.

रविवारी घरी येऊन नऊ ते एक झोपायचं आणि एकला उठायचं. उठवत नाही, तरी उठायचं. पाचपर्यंत झोपलात की रात्री झोप लागत नाही आणि सोमवार हातचा जातो. दुपारी उन्हात जा, भाजी आणा, कपडे धुवा. रात्री दहाला अंथरुणावर.

दिवसा झोपायला खोलीत अंधार हवा. खिडकीला जाड चादर लावा. डोळ्यांवर काळी ओढणी बांधलीत तरी चालते. फोन सायलेंट करायचा नसेल तर फक्त घरचा नंबर वाजेल अशी सोय करा आणि घरच्यांना झोपेची वेळ सांगून ठेवा. घरमालकीण बाईंना मी पहिल्याच आठवड्यात ड्युटी चार्ट दाखवला होता, कारण ‘दिवसा झोपणारी पोरगी’ म्हणून गल्लीत चर्चा सुरू झाली होती. पुढे त्या स्वतःच दार वाजवणाऱ्या पोरांना हाकलायच्या आणि बीपी मोजायला वर यायच्या.

५. केस बुक

पाहिलेल्या पेशंटच्या नोंदींची ही वही परीक्षेला दाखवावी लागते. ती रोजची रोज लिहा, वॉर्डातच, जेवायच्या सुट्टीत. साठवलेलं केस बुक परीक्षेच्या आधी कॉपी करून भरलेलं असतं, आणि परीक्षकांना त्याच दोन पोटदुखीच्या केस दहा वह्यांत सापडतात.

६. नोकरी कधी बंद करायची

प्रत्येक परीक्षेच्या महिनाभर आधी, आणि मिडवाइफरीची लेबर रूम पोस्टिंग सुरू झाली की. प्रसूतीच्या केस स्वतःच्या हाताने करून मोजून दाखवाव्या लागतात, आणि बाळं काही आठ ते दोनमध्ये येत नाहीत. तिथे कॉलेजच्याच नाइट लागतात. त्यांवर बाहेरची नाइट चढवायची नाही. शेवटच्या सहा महिन्यांच्या इंटर्नशिपलाही हाच नियम. त्या काळापुरते पैसे आधीपासून बाजूला काढा. मी दर शनिवारच्या नाइटमधले थोडे पोस्टात टाकायचे.

७. निकाल लागल्यावर

महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लगेच करा. ती झाल्यावरच नर्स म्हणून सही करायची. दर पाच वर्षांनी नूतनीकरण असतं.

जुन्या दवाखान्यातून अनुभवाचं पत्र घ्या आणि टेबलापुढे उभं राहूनच ते वाचा. बऱ्याच ठिकाणी चांगुलपणा म्हणून ‘स्टाफ नर्स’ लिहून देतात. पुढे सरकारी भरतीत किंवा परदेशी जाताना कागद तपासणारा माणूस नोंदणीची तारीख आणि अनुभवाची तारीख शेजारी ठेवतो. मला तसंच पत्र मिळालं होतं. मी परत देऊन ‘अटेंडंट’ लिहून मागितलं, तर क्लार्क म्हणाला, ‘मॅडम, लोक उलटं मागतात.’ तरी बदलून घेतलं.