सुटे भाग चालतात, उपकरण अडतं: प्रॉडक्ट डिझाइनमध्ये सिस्टीम्स इंजिनिअरिंग वापरताना या चुका टाळा

सर्किट बोर्ड टेबलावर नीट चालतो, फर्मवेअर (उपकरणाच्या आतलं सॉफ्टवेअर) सगळ्या चाचण्यांत पास होतं, आवरणाची मापं ड्रॉइंगबरहुकूम असतात. एकत्र जोडलं की मात्र उपकरण मधेच बंद पडतं. मग टीम दोषी भाग शोधायला लागते. शोध खरं तर दोन भागांच्या मधल्या हद्दीपासून सुरू करायला हवा. प्रत्येक भागाला कुणीतरी जबाबदार असतं, हद्दीला बहुधा कुणीच नसतं. सिस्टीम्स इंजिनिअरिंग म्हणजे सुट्या भागांऐवजी पूर्ण उपकरणाचा आणि या हद्दींचा विचार करून आखणी आणि तपासणी करणं.

रेडिओने वाचन पाठवणारा, बॅटरीवर चालणारा तापमान सेन्सर घ्या. बॅटरी २००० मिलिअँपिअर-तासांची, त्यातली ८० टक्के क्षमता वापरायची आणि उपकरण ७ दिवस चालवायचं. १६०० भागिले १६८ तास, म्हणजे सरासरी साधारण ९.५ मिलिअँपिअर. कागदावर हिशेब जुळला. पण वाचन पाठवताना रेडिओ क्षणभर ४०० मिलिअँपिअर ओढत असेल तर? थंडीत बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. तो अर्धा ओहम झाला की त्या क्षणी व्होल्टेज ०.२ ने खाली येतं, आणि बॅटरी उतरत आलेली असेल तर तेवढ्याने प्रोसेसर रिसेट होऊ शकतो. टेबलावर हे दिसत नाही, कारण तिथे बॅटरीच्या जागी दणकट पॉवर सप्लाय लावलेला असतो. बिचारा फर्मवेअरवाला मात्र आपल्या कोडमध्ये बग शोधत बसतो.

इथे चूक कोणाची? इंटरफेसच्या, म्हणजे दोन भाग जिथे जुळतात त्या हद्दीच्या, कागदावर एकच ओळ होती: ‘पुरवठा ३.३ व्होल्ट’. तिथे किमान आणि कमाल व्होल्टेज, सर्वाधिक करंट, तो किती वेळ लागतो, कोणत्या तापमानाला लागतो, पुरवठा कोसळला तर उपकरणाने काय करायचं, हे सगळं यायला हवं होतं. शिवाय त्या कागदाखाली एका माणसाचं नाव हवं.

नुसतं लिहूनही भागत नाही. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर १९९९ मध्ये मंगळाजवळ पोहोचून नष्ट झालं. थ्रस्टरच्या (यानाची दिशा-गती बदलणाऱ्या छोट्या इंजिनांच्या) आवेगाचे आकडे जमिनीवरचं एक सॉफ्टवेअर पाउंड-फोर्स-सेकंदांत देत होतं आणि पुढचं सॉफ्टवेअर ते न्यूटन-सेकंद समजून वापरत होतं. फरक जवळपास ४.४५ पटींचा. मेट्रिक एककं वापरायची हे लेखी ठरलेलं होतं. म्हणून प्रत्यक्ष देवाणघेवाण होणारी फाइल, सिग्नल किंवा कनेक्टर लवकरात लवकर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासा. अर्धवट प्रोटोटाइपवर तपासलं तरी चालेल.

दुसरी चूक रिक्वायरमेंट, म्हणजे उपकरणाने काय करायला हवं ती गरज किंवा अट, लिहिताना होते. ‘बॅटरी बराच काळ टिकावी’ हे वाक्य कोणत्याच चाचणीत नापास होऊ शकत नाही, म्हणून ते निरुपयोगी आहे. ‘शून्य अंश सेल्सिअसला, दर १० मिनिटांनी एक वाचन पाठवत, एका चार्जवर किमान ७ दिवस’ असं लिहिलं की चाचणी आपोआप समोर येते. चाचणी कशी घेणार हे वाक्य लिहितानाच ठरवा, सुचत नसेल तर वाक्य बदला. उलट टोकाची चूकही तितकीच महाग पडते: ‘अमुकच बॅटरी वापरावी’ असं उत्तरच गरज म्हणून लिहिणं. ‘का?’ विचारल्यावर खरी गरज वजनाची किंवा चार्जिंगच्या वेळेची निघाली, तर पर्याय पुन्हा खुले होतात.

जुना, सिद्ध झालेला मॉड्यूल नव्या उत्पादनात तसाच उचलताना विशेष सावध राहा. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुरुवातीच्या ४० सेकंदांच्या आसपास नष्ट झालं. दिशा-वेग मोजणाऱ्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर एरियान ४ मधून आलेलं होतं. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त होता, त्यामुळे ६४ बिटांची संख्या १६ बिटांत मावली नाही. राखीव संचातही तेच सॉफ्टवेअर असल्याने तोही त्याच कारणाने बंद पडला. मॉड्यूल उचलताना तो कोणत्या मर्यादा गृहीत धरून बनवला होता ते शोधून काढा आणि नव्या परिस्थितीचे आकडे घालून चाचणी पुन्हा घ्या.

छोट्या टीमने मोठ्या प्रकल्पांचे सगळे फॉर्म भरत बसू नये. गरज, तिचं कारण, जबाबदार व्यक्ती, चाचणी, निकाल असा पाच रकान्यांचा तक्ता प्रामाणिकपणे अद्ययावत ठेवलात तरी पुष्कळ काम होतं. आणि वापरणाऱ्याच्या हाती प्रोटोटाइप लवकर द्या. सगळ्या अटी पूर्ण करणारं उपकरणही हातमोजे घातलेल्या माणसाला सुरू करता येत नसेल, तर अटच राहून गेली आहे.

बिघाड आलाच तर आधी तो हमखास घडेल अशी परिस्थिती तयार करा: तेच तापमान, तीच उतरलेली बॅटरी. मग टेबलावरच्या चालू मांडणीत पॉवर सप्लाय, नकली लोड (खऱ्या भागाऐवजी वीज ओढणारी जोडणी), नमुन्याचा डेटा यांच्या जागी खऱ्या गोष्टी एकेक करून आणा, प्रत्येक वेळी एकच बदल. ज्या बदलाला बिघाड उगवतो, ती हद्द. तिथे ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचे क्षणाक्षणाचे चढउतार दाखवणारं यंत्र) लावून नुसती सरासरी न बघता क्षणिक घसरण पकडा.

दुरुस्ती केल्यावर तक्त्यात मागे जा. मोठा कपॅसिटर (थोडी वीज साठवून क्षणिक गरज भागवणारा भाग) घालून रिसेट थांबला असेल, तर सुरू होतानाचा करंट वाढला असेल, आवरणातली उंची कमी पडत असेल, त्याच्यातून होणाऱ्या विजेच्या गळतीने बॅटरीचा हिशेब हलला असेल. या तिन्ही चाचण्या पुन्हा घ्या आणि इंटरफेसच्या कागदावरचे आकडे त्याच दिवशी बदला.