गोळ्या चालू आहेत, पण दिवस कसा घालवायचा?

डिप्रेशनची किंवा अँक्झायटीची ट्रीटमेंट सुरू झाली की महिन्याभरात घरून फोन येतो, बरं वाटतंय का आता, आणि पोरगं हो म्हणतं, कारण रडू कमी झालेलं असतं, झोपही लागते. पण मित्रांचे फोन अजून उचलत नाही, मेसला जायचं टाळतं, पुस्तक उघडून तासभर एकाच पानावर बसतं. त्रास कमी झाला म्हणजे जगणं रुळावर आलं असं नसतं, त्याच्यासाठी वेगळी मेहनत लागते. मी पुण्यात पेठांमध्ये कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीत फक्त एक कॉट भाड्याने घेऊन राहून एमपीएससी करणाऱ्या मुलामुलींमध्ये रोज वावरते, म्हणून त्यांना डोळ्यासमोर ठेवून लिहितेय, बाकीच्यांनी आपापल्या परीने बदल करून घ्या.

आधी एक कागद घ्या. जगण्याचा दर्जा मोजायला जागतिक आरोग्य संघटनेची २६ प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, तिचे चार भाग आहेत, शरीर, मन, माणसं आणि आजूबाजूची परिस्थिती, म्हणजे पैसा, राहायची जागा, येणंजाणं वगैरे. तुम्ही फक्त चार रकाने आखा आणि मागचे दोन आठवडे कसे गेले ते लिहा. बहुतेक जण मनाचा रकाना गच्च भरतात, आणि खरी अडचण शेवटच्या रकान्यात निघते, की खोलीत चार कॉट आहेत, लाईट रात्री दोनपर्यंत चालू असतो आणि मेसचे पैसे थकलेत. हा कागद पुढच्या व्हिजिटला सोबत न्या. ओपीडीत वेळ कमी मिळतो, आत गेल्यावर अर्धं आठवत नाही.

मग उठायची वेळ पक्की करा. झोपायची वेळ आपल्या हातात नसते, उठायची बऱ्यापैकी असते. रात्री कधीही झोप लागली तरी सकाळी त्याच वेळेला उठून खोलीबाहेर पडायचं, अंघोळ नंतर झाली तरी चालेल. गोळीमुळे सकाळी डोकं जड राहत असेल तर डॉक्टरांना विचारा, बऱ्याचदा गोळीची वेळ बदलून प्रश्न सुटतो, स्वतःच्या मनाने मात्र बंद करू नका.

इच्छा झाली की करू, असं म्हणत बसू नका, या आजारात इच्छा मागाहून येते. आधी काहीतरी छोटं करायचं, डबा खोलीवर न मागवता मेसमध्ये जाऊन जेवायचं, तेवढ्यात दोन माणसं दिसतात, भाजीवाल्या मावशी दोन शब्द बोलतात, पायही मोकळे होतात. अभ्यासाचंही तसंच, दहा तासांचं टाइमटेबल फाडून टाका, सकाळी पंचवीस मिनिटं आणि संध्याकाळी पंचवीस मिनिटं, ते आठवडाभर जमलं की मगच वाढवा.

गोळ्यांबद्दल थोडं स्पष्ट बोलते. डिप्रेशनच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात, पण मळमळ वगैरे पहिल्याच आठवड्यात होते, म्हणून खूप जण तिथेच सोडतात. बरं वाटायला लागल्यावरही पुढे सहा महिने तरी त्या चालू ठेवतात, आणि बंद करताना हळूहळू कमी करतात. वजन वाढतंय, सेक्सच्या बाबतीत काही बदललंय, तर लाजू नका, सांगा, दुसरी गोळी असते. रूममेटच्या गोळ्या कधीच घेऊ नका.

आणि मरणाचे विचार येत असतील तर गोळ्यांचा साठा स्वतःजवळ ठेवू नका, विश्वासातल्या माणसाकडे द्या, रोजच्या रोज मागून घ्या. १४४१६ ही टेली मानसची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. आत्ताच काही करून बसेन असं वाटत असेल तर एकटे राहू नका, शेजारच्याला उठवा, ११२ लावा किंवा जवळच्या हॉस्पिटलला जा.

सरकारी नोकरी जाईल या भीतीने कितीतरी जण डॉक्टरकडे जातच नाहीत, मला याचं फार वाईट वाटतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणे उपचाराची माहिती गुप्त राहणं हा रुग्णाचा हक्क आहे, त्याला अपवाद मोजकेच आहेत. आरोग्य विमा कंपन्यांनीही शारीरिक आजारासारखंच मानसिक आजाराला कव्हर द्यायचं, असं याच कायद्यात आहे. प्रायव्हेट परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात मनोविकाराची ओपीडी कधी असते ते विचारा.

घरी सगळं सांगायची गरज नाही, पण एकाला तरी सांगा, आईला जमत नसेल तर ताईला किंवा मामाला. अगदी एवढंच म्हणा, "मला आजार आहे, औषध चालू आहे, अभ्यास चालू आहे पण हळू, रोज निकालाचं विचारू नकोस, जेवलास का एवढं विचार." आणि आईबाबा वाचत असाल तर तुम्हाला विनंती, "जास्त विचार करू नकोस" हे वाक्य बंद करा. या वर्षीचा अटेम्प्ट द्यायचा की नाही हे तब्येत खूप खाली असताना ठरवू नका, फॉर्म भरून ठेवा, द्यायचं की नाही ते पोरगं डॉक्टरांशी बोलून परीक्षेच्या आधी ठरवेल.