गेंड्याचे चाराणे: शेवटच्या सालापर्यंतचा संग्रह कसा करावा

३० जून २०११ पासून २५ पैसे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातून बाद झाली. त्याआधी बँकांनी ती बदलून दिली, पण चाराण्यांसाठी गावाकडून तालुक्याला कोण जाणार? त्यामुळं मराठवाड्यात देवघरातल्या डब्यांत, बंद पडलेल्या किराणा दुकानांच्या गल्ल्यांत ही नाणी अजून पडून आहेत. दिवाळीला घर झाडताना त्यातली कितीतरी भंगारात जातात. संग्रह करायचा असेल तर उशीर करू नका.

आधी हद्द ठरवा

सगळीच बंद नाणी जमवायला घेतली की पिशव्या भरतात, संग्रह होत नाही. एकच नाणं धरा. एका बाजूला गेंड्याचं चित्र असलेलं स्टेनलेस स्टीलचं २५ पैशांचं नाणं १९ मिलिमीटर व्यासाचं आहे आणि त्यावर १९८८ ते २००२ या दरम्यानची सालं सापडतात. त्यातही २०००, २००१ आणि २००२ ही शेवटची तीन सालं आधी मिळवा. माझ्या मते या संग्रहाचा जीव तिथंच आहे. पहिलं नवं नाणं लोक कौतुकानं जपून ठेवतात. शेवटचं नाणं शेवटचं आहे, हे हातात असताना कुणालाच ठाऊक नसतं.

कुठं शोधायचं

सुरुवात घरातूनच करा. चाराण्याला बाजारात काही मिळेनासं झालं तरी सव्वा रुपयाच्या दक्षिणेला ते लागतच होतं. रुपया आणि वर चाराणे, असा जोड करून बायका ते बाजूला काढून ठेवायच्या. म्हणून आजीला, मावशीला, मोठ्या काकूंना विचारा. पूजेच्या सामानाचा डबा, सुपाऱ्या-हळकुंडांची पुरचुंडी, जुन्या पेटीचा तळ, या जागा सोडू नका. आणि मागताना बदल्यात चालू नाणी द्या. देवापुढचा पैसा फुकट उचललेला कुणालाच आवडत नाही.

मग जुने किराणावाले, पिठाची गिरणी, आठवडी बाजारातले मोड-भंगारवाले. भंगारवाल्याकडं नाणी किलोवर असतात. तिथं एकेक नाणं निवडत बसू देतो का, हे आधी विचारून घ्या.

आपल्याकडं अशा डब्यांत हमखास आणखी एक गोष्ट निघते: चारमिनारचं चित्र आणि उर्दू-फारसी अक्षरं असलेला निजामाचा हाली सिक्का. हैदराबाद संस्थानाचं हे चलन १९५९ पर्यंत पूर्णपणे बाद झालेलं नव्हतं, त्यामुळं जुन्या घरांत ते राहून गेलं. ते वेगळ्या पाकिटात ठेवा आणि घासू तर अजिबात नका. त्याचा अभ्यास वेगळा.

नाणं वाचायचं कसं

इथं घाई करू नका. दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या, खिडकीजवळ बसा आणि नाणं थोडं तिरकं धरा, म्हणजे उजेड कडेनं पडतो. गेंड्याच्या बाजूला खाली साल आहे. सालाखाली बारीक खूण दिसते, ती टांकसाळीची. चौकटच्या पत्त्यावर असते तशी आकृती असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, गोल ठिपका असेल तर नोएडा, आणि काहीच नसेल तर कोलकाता. झिजलेल्या नाण्यावर ठिपका आणि चौकट सारखेच दिसतात. अशा वेळी ठाम लिहू नका, वहीत प्रश्नचिन्ह टाका आणि दुसरं स्वच्छ नाणं मिळेपर्यंत थांबा.

आणि ‘काहीच नाही’ म्हणजे कोलकाता, हे म्हणण्याआधी ती जागा खरंच कोरी आहे की मळानं बुजलीय, ते बघा.

प्रत्येक टांकसाळीनं दर साली हे नाणं पाडलंच असं नसतं. म्हणून वहीत चार रकाने आखून प्रत्येक चौकट भरलीच पाहिजे असा हट्ट धरू नका. नाण्यांच्या सूचीत (कॅटलॉगमध्ये) साल आणि टांकसाळीची जी जोडी आहे, तीच शोधा.

१९८८ च्या आसपासच्या सालांत तांबं-निकेलचे जुने चाराणेही मिसळलेले सापडतात. लोहचुंबक लावून बघा. स्टीलचं नाणं चिकटतं, तांबं-निकेलचं चिकटत नाही.

एकाच सालाची दोन नाणी असतील तर गेंड्याच्या अंगावरच्या घड्या बघा. वापरानं उंचवटे आधी गुळगुळीत होतात. ज्याच्या घड्या ठसठशीत, ते ठेवा. दुसरं अदलाबदलीला.

धुणं आणि ठेवणं

चिंच, लिंबू, राख, दंतमंजन यातलं काहीही लावू नका. चकाकी येते, पण बारीक ओरखडे कायमचे राहतात. नुसता मळ असेल तर साबणाच्या पातळ पाण्यात बुडवा, नंतर डिस्टिल्ड वॉटरनं धुवा आणि सुती कापडानं टिपून घ्या, घासू नका. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार फार, नाणं वाळलं की पांढरे डाग उमटतात. म्हणून शेवटचं धुणं त्या पाण्यानं नको. गंजानं खड्डे पडलेले असतील तर ते कशानंच जात नाहीत.

ठेवायला मधे पारदर्शक खिडकी असलेले पुठ्ठ्याचे चौकोनी होल्डर घ्या. मऊ पीव्हीसीच्या पिशव्या टाळा, त्या काळानं चिकट होतात आणि नाणं खराब करतात. होल्डरवर साल, टांकसाळ आणि नाणं कुठून मिळालं ते लिहा. ‘मावशीचा डबा, परळी’ एवढंही पुरे.

विकत घेताना

घरोघर शोधूनही २००२ चं नाणं मिळालं नाही, तर नाणी विकणाऱ्याकडून घ्यायला हरकत नाही. दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो मागवा आणि खूण वाचता आली तरच पैसे द्या. ‘गेंड्याच्या नाण्याला लाखो रुपये’ असे व्हिडिओ फिरत असतात. त्यातून कुणी तुमचं नाणं विकून देतो म्हणून आधी नोंदणी फी किंवा कर मागू लागला, तर तो फसवतोय हे नक्की. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये यावर जाहीर इशारा दिला होता: जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात बँक पडत नाही, त्यासाठी कसलंही कमिशन घेत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही.