नळाचा वार आणि रस्त्याचं वेळापत्रक: पेठेतला रस्ता करणाऱ्या नव्या साइट इंजिनिअरसाठी

सोलापुरात वस्तीतल्या रस्त्याचं काम पहिल्यांदा हातात आलं, की वर्क ऑर्डर वाचून झाल्यावर पहिली चौकशी एकच करा: या गल्लीत नळाला पाणी कधी येतं? आपल्याकडे वर्षानुवर्षं काही दिवसांआड पाणी येतं, भागाभागाची पाळी वेगळी, कुठे पहाटे तर कुठे भर दुपारी. ही पाळी झोन कार्यालयाच्या कागदावर एक असते आणि प्रत्यक्षात दुसरी. खरी पाळी चावीवाल्याला, म्हणजे पाण्याचे व्हॉल्व्ह उघडबंद करणाऱ्या माणसाला, ठाऊक असते. त्याचा फोन नंबर नगरसेवकाच्या नंबराआधी सेव्ह करा.

कारण सरळ आहे. जेसीबीच्या दातात घराचं नळ कनेक्शन तुटलं आणि पाण्याचा वार चुकला, तर त्या घराला पुढच्या पाळीपर्यंत टाकी कोरडी ठेवून बसावं लागतं. त्यानंतर तुम्ही कितीही चांगला रस्ता करा, त्या घराच्या लेखी तुम्ही पाणी तोडणारेच. म्हणून माझा हिशोब असा असतो: पाणी येऊन गेलं की दुसऱ्या दिवशी सकाळी खोदाई सुरू, आणि पुढच्या पाळीच्या आदल्या संध्याकाळपर्यंत त्या तुकड्यातली सगळी कनेक्शनं जोडून मोकळी. तेवढ्यात जेवढी लांबी होईल तेवढीच उकरायची. पाण्याच्या दिवशी मशीन बंद. प्लंबर मात्र हजेरीवर हवाच, फेरूल, क्लॅम्प, कपलिंग असे नळजोडणीचे सुटे भाग घेऊन सकाळपासून जागेवर. दाबाने पाणी आलं की कुठला जोड गळतो ते त्याच दिवशी कळतं, काँक्रीट पडल्यावर कळून उपयोग नाही.

ठेकेदार याला सहजासहजी तयार होत नाही. जेसीबी तासावर असतो, एकदा आणला की अख्खी गल्ली उकरून घ्यायची आणि खोदाईचं मोजमाप एमबीत (मोजमापाच्या वहीत) चढवून रनिंग बिल (काम चालू असतानाचं टप्प्याचं बिल) काढायचं, ही जुनी रीत. एका कामावर तर गल्लीची दोन्ही टोकं एकाच दिवशी उकरून ठेकेदाराची माणसं दुसऱ्या साइटवर गेलेली मी पाहिली आहेत. मधल्या घरांतल्या लोकांनी गाड्या मागच्या गल्लीत लावल्या आणि तिथल्या लोकांशी भांडणं सुरू झाली. यावर उपाय तोंडी सांगून होत नाही. मागचा तुकडा चालण्याजोगा झाल्याशिवाय पुढच्या तुकड्याच्या खोदाईचं मोजमाप घ्यायचं नाही, हे पहिल्या साइट मीटिंगमध्ये लेखी ठरवून घ्या. बिल अडतं म्हटलं की शिस्त आपोआप येते.

खोदाईच्या आधी एक लांब वही घ्या आणि घरोघर फिरा. घर क्रमांक, ओट्याची उंची, नळ कुठून आत जातो, ड्रेनेज चेंबर कुठे, भिंतीला आधीच तडा आहे का (फोटो काढून ठेवा, नंतरचे वाद वाचतात) एवढं सगळेच लिहितात. त्याच्या पुढच्या रकान्यात घरातली माणसं लिहा. डायलिसिसला कोण जातं, बाळंतीण कुठे आहे, लग्न कुठल्या तारखेला, मांडव कुठे पडणार. पूर्व भागात, म्हणजे शहराच्या विणकर-विडी कामगारांच्या वस्तीत, असाल तर आणखी दोन गोष्टी. पहिली, कुठल्या घरात लूम आहेत. सायझिंगवरून (सुताला खळ लावतात तिथून) येणारा बीम, म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेला जड रूळ, दोन माणसांनी खांद्यावर घेऊन चिखलातून न्यायची वस्तू नाही, त्याला चाकं लागतात. लूमवाल्याला चार दिवस आधी सांगितलं तर तो बीम आधीच उतरवून घेतो. न सांगता खोदलं तर लूम बंद, कामगार बसून, आणि तो तुमच्या डोक्यावर.

दुसरी गोष्ट विडी वळणाऱ्या बायकांची. त्या वळलेल्या विड्या कारखान्यात पोचवतात आणि पान-तंबाखू घेऊन परत येतात. हातात टोपली, कधी कडेवर पोर. त्यांच्यासाठी चरावर टाकलेली एक फळी पुरत नाही. ती हलते, आणि टोपली सांडली तर मेहनत गेली. दोन जाड फळ्या पट्ट्या मारून जोडा, किंवा लोखंडी प्लेट टाका, एका बाजूला कठड्याला बांबू. एका अक्कांनी मला सरळ सांगितलं होतं, "साहेब, रस्ता कधी बी करा, पण सकाळी माझा पाय घसरला तर मजुरी तुम्ही देणार का?" याला उत्तर प्लेटच. आणि एक वाट अशी हवीच की रात्री-अपरात्री स्ट्रेचर किंवा मयत बाहेर काढता येईल. हे कोणी मागणार नाही, अपशकुन वाटतो म्हणून. तुम्हीच बघायचं.

बोर्ड लावा, पण बोर्डावर विसंबू नका. या भागात तेलुगू, कन्नड, दखनी, मराठी सगळं चालतं. मुकादम स्थानिक आणि तेलुगू येणारा असला तर निम्मी कटकट तुमच्यापर्यंत येतच नाही.

आता सगळ्यात मोठ्या भांडणाकडे येतो: लेव्हल. डांबराचे थर वर्षानुवर्षं एकावर एक चढत गेल्याने पेठांमधली बरीच घरं रस्त्याच्या खाली गेली आहेत, पावसात पाणी थेट उंबऱ्यात. त्यामुळे काँक्रीटचा रस्ता म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "आमचं घर अजून खाली जाणार का?" उत्तर खोदाईत आहे. स्लॅबची जाडी, त्याखाली पीसीसी (साध्या काँक्रीटचा थर), त्याखाली जीएसबी (खडी-मुरमाचा थर) अशी बेरीज करून तेवढं खाली जावंच लागतं. आणि आपली काळी माती पाण्याने फुगते, उन्हात आकसते, तेव्हा मऊ जागा उकरून मुरूम भरण्यात काटकसर नको. पण हे लोकांना कळणार कसं? ऑटो लेव्हलच्या (उंची मोजायच्या यंत्राच्या) दुर्बिणीतून तुम्ही काय बघता यावर कोणाचा विश्वास नसतो. त्यापेक्षा गवंड्याची पाण्याची नळी घ्या. एक टोक घरमालकाच्या हातात द्या, ओट्याला लावायला सांगा, दुसरं टोक तुम्ही खुंटीला लावा, आणि तयार रस्ता कुठे येणार तिथे भिंतीवर चुन्याची रेघ मारा. त्याच्या हातातल्या नळीतलं पाणी त्याला दिसतं. प्रत्येक घरावर ती रेघ मारली की गल्लीतले म्हातारे काका स्वतःच रोज तपासत बसतात, तुमचा एक सुपरवायझर फुकट वाढतो.

काँक्रीटचा दिवस ठरवताना ऊन आणि झोप दोन्ही सांभाळावं लागतं. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असतो. दुपारी माल टाकला तर पृष्ठभाग बघता बघता सुकतो आणि तडे जातात. काही जण म्हणतात संध्याकाळी टाकू. पण जॉइंट कापायची, म्हणजे तडा ठरलेल्या रेषेतच जावा म्हणून स्लॅबला खाच मारायची, वेळ विसरू नका. स्लॅब घट्ट झाल्यावर, स्वतःहून तडकण्याआधी, काही तासांतच जाडीच्या पाव ते एक तृतीयांश खोलीपर्यंत कट मारावा लागतो. संध्याकाळच्या मालाचं कटिंग मध्यरात्री येतं, आणि उन्हाळ्यात लोक गच्चीवर झोपलेले. कटरचा आवाज म्हणजे कानाजवळ घासलेली करवत. रात्री १० ते सकाळी ६ आवाजाचा नियम आहेच, शिवाय शिव्या. म्हणून मी मशीनची तयारी आदल्या रात्री करून सहाला पहिला माल टाकतो, दहा-साडेदहाला थांबतो, आणि दिवस मावळायच्या सुमारास कटिंग उरकतो. थंडीत हा हिशोब बदलतो, कटिंग उशिरा येतं. अरुंद बोळात मोठा ट्रान्झिट मिक्सर शिरतच नाही, तिथे सेल्फ-लोडिंग मिक्सर बोलवा आणि विजेच्या लोंबत्या वायरी आधी महावितरणला सांगून वर करून घ्या.

क्युरिंगचं, म्हणजे काँक्रीट पक्कं होईपर्यंत ओलं ठेवण्याचं, वेगळं सांगायला हवं. नळाला चार दिवस पाणी नाही आणि दारात रस्त्यावर वाफे बांधून पाणी साचवलेलं, हे दृश्य कोणाला सहन होईल? लोक हंडा घेऊन येतात, मग भांडायला येतात. टँकरवर "बोअरचे पाणी, पिण्यास अयोग्य" असं ठळक लिहा. वाफ्यांऐवजी ओलं गोणपाट वापरलं तर पाणी कमी लागतं आणि डासही होत नाहीत. डिझाइनमध्ये परवानगी असेल तर क्युरिंग कंपाउंड (ओल धरून ठेवणारं रसायन) फवारा.

तारखांचं भान ठेवा. संक्रांतीच्या सुमाराला सिद्धेश्वरांची यात्रा, सात उंच नंदीध्वजांची मिरवणूक ठरलेल्या मार्गाने शहरातून जाते. त्या मार्गावर डिसेंबरनंतर चर उघडा ठेवायची कल्पनासुद्धा करू नका. पूर्व भागात नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, तेव्हा तर पावसाळाच असतो. शाळेच्या परीक्षा, रमजान, गणपती, सगळं त्याच वहीत शेवटच्या पानावर लिहा.

केबलसाठी रस्त्याच्या आरपार पीव्हीसीचे रिकामे पाइप टाकून ठेवा आणि त्यांच्या जागा भिंतीवर खूण करा. पाणीपुरवठा, ड्रेनेज, महावितरण, टेलिफोन, सगळ्यांची सही घेतल्याशिवाय काँक्रीट नाही. सही केलेला माणूस सहा महिन्यांनी खोदायला आला तर निदान कागद दाखवता येतो.

शेवटच्या दिवशी मिक्सरमध्ये थोडा माल उरतो, आणि गल्लीतली पोरं येतात: "साहेब, उरलाच आहे तर एक स्पीडब्रेकर टाका की बे." चहा पाजलेला असतो, नाही म्हणवत नाही. तरी नाही म्हणा. आपल्या मनाने टाकलेला उंचवटा मागणारा विसरतो आणि रात्री तिथे पडलेला दुचाकीस्वार तुमचं नाव शोधत येतो. त्यांना झोन कार्यालयात अर्ज द्यायला सांगा, उरलेला माल चेंबरच्या कडेने भरून घ्या, आणि जड गाड्यांसाठी २८ दिवस आडवा लावलेला बांबू कोणी काढणार नाही याची जबाबदारी त्याच पोरांवर टाका.